गुपित कुणापासून?
सरकारी गुप्त कागद उघड करणाऱ्या जागल्यांविषयी

सरकारी कपाटातला गुप्त कागद बाहेर काढून वर्तमानपत्राच्या हाती देणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘शिट्टी वाजवणारा’ अशा अर्थाचे नाव आहे. मराठी वृत्तपत्रांनी त्याला ‘जागल्या’ म्हणायला सुरुवात केली. नाव देणाऱ्यांच्या ध्यानात आले असो वा नसो, हा शब्द गावकुसाबाहेरचा आहे. रात्रभर जागून गावाची राखण करण्याचे काम गावगाड्याने ज्यांच्या माथी मारले, त्यांना गावात घर नव्हते. वतनाच्या नावाखाली महारांनी पिढ्यान् पिढ्या सरकारी टपाल आणि खजिना या गावाहून त्या गावाला पोचवला. त्या टपालात काय लिहिले आहे हे वाचण्यापुरते अक्षर मात्र त्यांच्या वाट्याला येऊ दिले नाही. कागद वाहणारा एक, वाचणारा दुसरा आणि त्या कागदाचा परिणाम भोगणारा पुन्हा पहिलाच, अशी ही व्यवस्था होती.

सत्ता आणि कागद यांचे नाते आपल्याला म्हणूनच नव्याने शिकवावे लागत नाही. तरीही सरकारी गुपिते फोडणाऱ्यांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा दोन टोकांना जाते. एक टोक त्यांना देशद्रोही ठरवते, दुसरे त्यांना एकट्याने सत्य आणणारा नायक बनवते. दोन्ही टोकांना एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. गुपित होते ते नेमके कुणापासून? हा प्रश्न अमेरिकेतील दोन प्रकरणांना लावून पाहावा आणि मग आपल्याकडे वळावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

१. सात हजार पानांचे गुपित

अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी जून १९६७ मध्ये आपल्या खात्याला एक काम सांगितले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून व्हिएतनाममध्ये अमेरिका कशी गुंतत गेली, याचा इतिहास मूळ सरकारी कागदपत्रांच्या आधारे लिहून काढायचा होता. ३६ अभ्यासकांनी मिळून ४७ खंड तयार केले. सुमारे ७००० पानांच्या या अहवालावर ‘अतिगोपनीय’ असा शिक्का बसला आणि प्रती निघाल्या अवघ्या १५. हाच अहवाल पुढे ‘पेंटॅगॉन पेपर्स’ म्हणून जगाला माहीत झाला.

संरक्षण खात्यासाठी संशोधन करणाऱ्या कॅलिफोर्नियातील रँड कॉर्पोरेशन या संस्थेत हा अहवाल डॅनियल एल्सबर्ग यांना वाचायला मिळाला. एल्सबर्ग हे काही बंडखोर म्हणून जन्मलेले गृहस्थ नव्हते. १९३१ चा जन्म, हार्वर्डचे अर्थशास्त्राचे शिक्षण, मरीन दलातील अधिकारपद, १९६४ मध्ये थेट पेंटॅगॉनमध्ये नेमणूक आणि त्यानंतर दोन वर्षे व्हिएतनाममध्ये सरकारी काम, असा त्यांचा प्रवास होता. आरंभी त्यांचा या युद्धावर विश्वास होता. प्रस्थापित व्यवस्थेने पूर्ण विश्वासाने कपाटाची किल्ली ज्यांच्या हाती द्यावी, अशांपैकी ते एक होते.

त्या कपाटात काय होते? एकामागून एक चार राष्ट्राध्यक्षांच्या कारभाराचा हिशेब होता. फ्रान्स व्हिएतनामला पुन्हा गुलाम करू पाहत असताना ट्रूमन यांच्या सरकारने फ्रान्सला मदत दिली. १९५४ च्या जिनिव्हा करारानुसार १९५६ मध्ये व्हायच्या निवडणुका झाल्या नाहीत. आयझेनहॉवर यांच्या सरकारने तो करार मोडण्याला हातभार लावला. १९६३ मध्ये दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष दिएम यांची सत्ता उलथवणाऱ्या सेनापतींना केनेडी यांच्या सरकारची फूस होती. १९६४ च्या निवडणुकीत जॉन्सन हे युद्ध वाढवणार नसल्याचे लोकांना सांगत होते, तेव्हा त्यांच्या कचेऱ्यांत युद्ध वाढवण्याचे आराखडे तयार होत होते.

याच कागदांत मार्च १९६५ चे एक टिपण आहे. ते लिहिले होते एल्सबर्ग यांचेच वरिष्ठ जॉन मॅक्नॉटन यांनी. अमेरिका हे युद्ध कशासाठी लढते आहे, याची त्यांनी चक्क टक्केवारी मांडली होती. मानहानीकारक पराभव टाळण्यासाठी ७० टक्के. दक्षिण व्हिएतनाम आणि शेजारचा प्रदेश चीनच्या हाती जाऊ नये यासाठी २० टक्के. आणि दक्षिण व्हिएतनामच्या जनतेला अधिक चांगले, अधिक मुक्त जीवन जगता यावे यासाठी १० टक्के. जनतेपुढच्या प्रत्येक भाषणात या दहा टक्क्यांचाच डंका वाजत होता. उरलेले नव्वद टक्के कपाटात होते.

२. कागद बाहेर कसा आला

ऑगस्ट १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील हॅवरफोर्ड महाविद्यालयात युद्धविरोधकांची एक परिषद भरली होती. तेथे रँडी केलर नावाचा तरुण बोलला. सक्तीच्या सैन्यभरतीला नकार दिल्याबद्दल आपणही लवकरच तुरुंगात जाणार आहोत, असे त्याने शांतपणे सांगितले. ते ऐकून एल्सबर्ग सभागृहाबाहेर गेले आणि एकटेच रडले, असे त्यांनी स्वतः पुढे नमूद केले आहे. तुरुंगात जायची तयारी असेल तर युद्ध थांबवण्यासाठी मी काय करू शकतो, हा प्रश्न त्यांना तेथे पडला. हा तपशील भावनिक आहे म्हणून मी देत नाही. कपाटाची किल्ली जवळ असणे वेगळे आणि ती फिरवण्याची हिंमत असणे वेगळे. एल्सबर्ग यांच्याजवळ किल्ली आधीपासून होती. हिंमत त्यांना चळवळीकडून मिळाली.

ऑक्टोबर १९६९ पासून त्यांनी आणि त्यांचे सहकारी अँथनी रुसो यांनी एका जाहिरात कंपनीच्या कचेरीत रात्री रात्री बसून या खंडांच्या प्रती काढल्या. एल्सबर्ग यांच्या तेरा वर्षांच्या मुलाने यंत्रावर मदत केली. पानांवरचा ‘अतिगोपनीय’ हा शिक्का कातरीने कापून टाकण्याच्या कामी धाकटी मुलगीही बसली होती.

त्यांनी लगेच वर्तमानपत्राकडे धाव घेतली नाही, हेही लक्षात घ्यावे. आधी ते लोकप्रतिनिधींकडे गेले. सिनेटर फुलब्राइट, सिनेटर मॅक्गव्हर्न यांच्यासारख्या युद्धविरोधी नेत्यांचे त्यांनी उंबरठे झिजवले. हा कागद सभागृहात मांडण्याचे धाडस कुणी केले नाही. शेवटी मार्च १९७१ मध्ये त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे वार्ताहर नील शीहान यांना हा मजकूर दिला आणि १३ जून १९७१ रोजी पहिला भाग छापून आला. तीन भाग प्रसिद्ध होताच सरकारने न्यायालयातून मनाई आणली. तोवर प्रती ‘वॉशिंग्टन पोस्ट’कडे आणि मग इतर वृत्तपत्रांकडे पोचल्या होत्या. एकाचे तोंड बंद केले की दुसरा बोलू लागे. ३० जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी मनाई उठवली.

या निकालाचा अर्थ मात्र नीट समजून घेतला पाहिजे. छापण्याआधीच वृत्तपत्राला रोखण्याइतके सबळ कारण सरकारला दाखवता आले नाही, एवढेच न्यायालयाने सांगितले. कागद बाहेर आणणारा निर्दोष आहे, असे सांगितले नाही. वृत्तपत्र सुटले, माणूस अडकला. एल्सबर्ग यांच्यावर १९१७ च्या हेरगिरीविरोधी कायद्याखाली आणि इतर कलमांखाली जे आरोप ठेवले गेले, त्यांची एकूण शिक्षा ११५ वर्षांपर्यंत जाऊ शकत होती.

३. ‘का’ विचारायला बंदी

खटल्यात एल्सबर्ग साक्षीला उभे राहिले. त्यांच्या वकिलांनी स्वाभाविक प्रश्न विचारला : तुम्ही या प्रती का काढल्या? सरकारी वकिलांनी हरकत घेतली आणि न्यायाधीशांनी ती मान्य केली. कारण कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न गैरलागू होता. कागद गुप्त होता काय, आणि तो अधिकार नसलेल्याच्या हाती दिला काय, एवढेच पाहायचे. त्या कागदात सरकारने केलेला गुन्हा असला तरी चालेल. तो दाखवण्याचा हेतू ज्यूरीपुढे येता कामा नये.

पैशासाठी शत्रूला नकाशे विकणारा हेर आणि आपल्याच जनतेला सत्य सांगणारा माणूस, या दोघांना एकाच मापाने मोजणारा हा कायदा आहे. आपल्याला हे माप अपरिचित नाही. चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्या माणसाला तहान लागली होती काय, त्याचा त्या पाण्यावर हक्क होता काय, हे सनातन्यांनी विचारले नाही. रूढी मोडली की नाही, एवढेच विचारले.

११ मे १९७३ रोजी न्यायाधीशांनी हा खटलाच रद्द केला. एल्सबर्ग यांना न्याय मिळाला असे त्यामुळे वाटते, पण तसे झाले नाही. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या माणसांनी सप्टेंबर १९७१ मध्ये एल्सबर्ग यांच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात घरफोडी केली होती. बेकायदेशीरपणे दूरध्वनी संभाषणे चोरून ऐकली होती. खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांनाच मध्यंतरी एफबीआयच्या प्रमुखपदाविषयी विचारणा झाली होती. सरकारची ही गैरकृत्ये चव्हाट्यावर आली म्हणून खटला बारगळला. कायदा जिथल्या तिथे राहिला. त्याच कायद्याखाली पुढे चेल्सी मॅनिंग यांना २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी ती कमी केल्यावर २०१७ मध्ये त्या सुटल्या. एडवर्ड स्नोडेन यांच्यावर २०१३ मध्ये आरोप ठेवले गेले आणि त्यांना देशाबाहेर राहावे लागले. एल्सबर्ग २०२३ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी वारले. अखेरपर्यंत ते अशा माणसांच्या बाजूने बोलत राहिले. आणि ज्या ७००० पानांसाठी एवढे रामायण घडले, ती सरकारने अधिकृतपणे संपूर्ण खुली केली २०११ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी.

४. ज्यांच्यावर बॉम्ब पडले त्यांना ठाऊक होते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे गुपित कुणापासून होते?

व्हिएतनामी शेतकऱ्यापासून नव्हते. आपल्या शेतावर बॉम्ब कोण टाकतो, हे कळायला त्याला ४७ खंडांची गरज नव्हती. मार्च १९६९ पासून अमेरिकेने कंबोडियावर गुप्तपणे बॉम्बफेक केली. खऱ्या लक्ष्यांचे कागद जाळून खोट्या नोंदी केल्या जात, हे त्याच कामावर असलेले मेजर हाल नाइट यांनी १९७३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सांगितले. तेव्हा अमेरिकेत खळबळ उडाली. पण ती बॉम्बफेक कंबोडियाच्या खेड्यांसाठी कधीच गुप्त नव्हती. ‘शत्रू’लाही ती माहीत होती. माहीत नव्हती ती फक्त अमेरिकेच्या नागरिकाला, ज्याच्या कराच्या पैशातून आणि ज्याच्या मुलांच्या हातून ती होत होती.

अमेरिकेतही सर्वांनाच फसवता आले होते असे नाही. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी या युद्धाचा जाहीर धिक्कार केला. त्याच महिन्यात मुहम्मद अली यांनी सैन्यात भरती व्हायला नकार दिला आणि त्यांचा जगज्जेतेपदाचा किताब काढून घेतला गेला. या दोघांनीही एकही गुप्त कागद पाहिला नव्हता. घरात समान हक्क नाकारलेल्या काळ्या तरुणाला परक्या देशात दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी मरायला पाठवतात, यातला खोटेपणा ओळखायला त्यांचे जगणे पुरेसे होते. मोठमोठ्या वृत्तपत्रांनी तेव्हा किंग यांनाच दोष दिला. चार वर्षांनी गोऱ्यांच्या कपाटातला कागद बाहेर आला, तेव्हा तीच गोष्ट ‘पुरावा’ झाली.

शोषिताचा अनुभव हा पुरावा मानला जात नाही. सत्ताधाऱ्याने लिहिलेली कबुली मात्र पुरावा ठरते. जागल्याच्या कृतीचे मोल येथे आहे. तो शोषितांना अज्ञात असे सत्य देत नाही. त्यांनी आधीच भोगलेल्या सत्यावर तो सत्तेच्याच हस्ताक्षरातली साक्ष आणून देतो.

५. टस्कीगी : शिक्का नसलेले गुपित

दुसरे प्रकरण याहून बोलके आहे. १९३२ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामा राज्यातील मेकन परगण्यात एक ‘अभ्यास’ सुरू केला. ६०० काळे पुरुष, बहुतेक गरीब शेतकरी आणि शेतमजूर, त्यासाठी निवडले. त्यांतील ३९९ जणांना सिफिलिस म्हणजे उपदंश हा रोग होता. त्यांना तसे सांगितले नाही. तुमचे ‘रक्त खराब’ आहे, एवढेच सांगितले. फुकट तपासणी, गरम जेवण आणि अंत्यविधीचा खर्च, या बदल्यात मेल्यावर शरीर चिरून पाहण्याची परवानगी घेतली. १९४० च्या दशकात पेनिसिलीन हे या रोगावरचे खात्रीचे औषध ठरले, तरी ते या माणसांना दिले नाही. रोग माणसाला कसा पोखरतो, हे शेवटपर्यंत पाहायचे होते.

या अभ्यासावर ‘अतिगोपनीय’ असा शिक्का कधीच नव्हता. त्याचे निष्कर्ष १९३६ पासून वैद्यकीय नियतकालिकांत उघडपणे छापून येत होते. शेकडो डॉक्टरांनी ते वाचले असतील. हे गुपित होते ते फक्त ज्यांच्या शरीरावर प्रयोग चालला होता, त्या माणसांपासून. ज्ञानापासून माणसांना दूर ठेवायला शिक्का लागतोच असे नाही. विषमता तेच काम शिक्क्यावाचून करते.

पीटर बक्स्टन हे या आरोग्य सेवेत १९६५ पासून सॅन फ्रान्सिस्को येथे काम करत होते. त्यांचा जन्म प्रागमधला, वडील ज्यू. नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांत केलेले प्रयोग त्यांना आठवले. १९६६ आणि १९६८ मध्ये त्यांनी वरिष्ठांकडे लेखी हरकत घेतली. १९६९ मध्ये तज्ज्ञांची बैठक झाली आणि अभ्यास चालू ठेवायचे ठरले. अखेर त्यांनी कागद असोसिएटेड प्रेसकडे दिले. जीन हेलर या वार्ताहर महिलेने तपास करून लिहिलेली बातमी २५ जुलै १९७२ रोजी प्रसिद्ध झाली आणि चाळीस वर्षे चाललेला हा प्रयोग काही महिन्यांत बंद पडला. १९७४ मध्ये सरकारने एक कोटी डॉलर भरपाई मान्य केली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली ती १९९७ मध्ये.

या हकिकतीत आणखी एक नाव आहे, जे बहुधा गाळले जाते. बिल जेन्किन्स हे काळे संख्याशास्त्रज्ञ याच आरोग्य सेवेत होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनाही या अभ्यासाचा सुगावा लागला. त्यांनी वरिष्ठांना विचारले, तेव्हा काळजी करू नका असे उत्तर मिळाले. मग त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी आपल्या छोट्या पत्रिकेत त्याविषयी लिहिले आणि ते पत्रकारांकडेही पाठवले. काहीच घडले नाही. वृत्तसंस्थांपर्यंत कसे पोचावे याचे तंत्र आपल्याला ठाऊक नव्हते, असे ते पुढे सांगत. ते तंत्र, ती ओळख, तो दरवाजा कुणाला सहज उघडा असतो आणि कुणाला नसतो, याचा विचार छोट्या पत्रिका चालवणाऱ्यांनी अवश्य करावा.

६. आपल्याकडे

१९७२ हे वर्ष आपल्यालाही वेगळ्या कारणाने परिचित आहे. अमेरिकेतील ब्लॅक पँथरपासून नाव आणि स्फूर्ती घेऊन त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिच्या पाठीमागे जी अस्वस्थता होती, तिच्यात एका सरकारी अहवालाचाही वाटा होता. अस्पृश्यतेची पाहणी करण्यासाठी १९६५ मध्ये नेमलेल्या इलयापेरुमाळ समितीने १९६९ मध्ये अहवाल दिला आणि १९७० मध्ये तो संसदेपुढे आला. देशभर दलितांवर काय अत्याचार होतात, हे त्यात सरकारी भाषेत नोंदलेले होते. दलित वस्तीला त्यात नवीन काही नव्हते. नवीन होते ते हे की, सरकारला आता माहीत नव्हते असे म्हणता येत नव्हते.

पण सगळे अहवाल संसदेपुढे येत नाहीत आणि सगळे कागद कपाटाबाहेर पडत नाहीत. इंग्रजांनी १९२३ मध्ये केलेला शासकीय गुपिते कायदा स्वातंत्र्यानंतरही कायम राहिला. ‘गुपित’ म्हणजे काय याची व्याख्याच या कायद्यात नाही. २००६ मध्ये दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने तो रद्द करावा अशी शिफारस केली होती. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने या भिंतीला खिंडार पाडले. गुपिते कायदा काहीही म्हणो, हानीपेक्षा लोकहित मोठे असेल तर माहिती देता येईल, असे त्यात स्पष्ट नमूद आहे. २०१९ मध्ये राफेल विमानांच्या प्रकरणात वृत्तपत्राने छापलेले संरक्षण खात्याचे कागद न्यायालयाने पाहू नयेत, अशी हरकत केंद्र सरकारने घेतली. सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ रोजी ती फेटाळली, आणि ती फेटाळताना पेंटॅगॉन पेपर्सच्या १९७१ च्या निकालाचा आधार घेतला. एल्सबर्ग यांनी रात्री जागून काढलेल्या प्रती अशा रीतीने दिल्लीच्या न्यायालयात कामी आल्या.

मात्र वृत्तपत्र सुटते आणि माणूस अडकतो, हा नियम येथेही बदललेला नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातील भ्रष्टाचाराविषयी अभियंता सत्येंद्र दुबे यांनी २००२ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासकट कचेऱ्याकचेऱ्यांतून फिरले. नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे त्यांचा खून झाला. सरकारने आपली गुपिते जपली, त्यांचे एवढे एकच गुपित जपले नाही. या खुनानंतर जागल्यांच्या संरक्षणाची मागणी होऊन २०१४ मध्ये कायदा संमत झाला; पण संमत होऊनही तो वर्षानुवर्षे अंमलात आणला गेला नाही.

७. कार्यकर्त्यांनी काय घ्यावे

प्रत्येक गुपित फोडावे असे कुणी शहाणा म्हणणार नाही. अत्याचाराची तक्रार करणाऱ्या स्त्रीचे नाव, साक्षीदाराचा पत्ता, रुग्णाचा आजार, ही गुपिते जपलीच पाहिजेत. ती दुबळ्याचे रक्षण करतात. म्हणून गुप्ततेच्या प्रत्येक शिक्क्याला तीन प्रश्न विचारावेत. हे कुणापासून लपवले आहे? लपवल्यामुळे कुणाचे रक्षण होते, दुबळ्याचे की बळवंताचे? आणि उघड झाले तर कुणाचे नुकसान होईल, जनतेचे की एखाद्याच्या खुर्चीचे? एल्सबर्ग यांचे कागद या कसोटीला उतरतात. दुबे यांचे नाव फोडणारी कचेरी उतरत नाही.

दुसरी गोष्ट, जागल्याची वाट पाहत बसू नये. कपाटाच्या किल्ल्या बहुधा वरच्या वर्गाच्या कमरेला असतात आणि त्यांच्यातला एखादाच कधीतरी जागा होतो. तोही चळवळीचा आवाज कानी पडला तर. आज शिक्षणामुळे आणि राखीव जागांमुळे आपली मुले सचिवालयापासून तहसील कचेरीपर्यंत टेबलांवर बसली आहेत. ज्यांच्या आज्याने टपाल वाहिले, त्यांच्या नातवाच्या हाती आज ते उघडण्याचा अधिकार आला आहे. वसतिगृहाचा निधी कुठे वळवला, गायरानाची फाइल कुणी दाबली, अत्याचाराच्या पंचनाम्यात कोणती ओळ खोडली, हे कागदही गुपितेच आहेत, आणि तेही शत्रूराष्ट्रापासून लपवलेले नाहीत. अशा जागी बसलेल्या माणसाने एकट्याने हुतात्मा व्हावे, असे सांगण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणाला नाही. माहितीचा अर्ज कुणी करायचा, वकील कोण देणार, नोकरी गेली तर त्याचे घर कोण चालवणार, याची तजवीज चळवळीने आधी करावी आणि मग त्याच्याकडून सत्याची अपेक्षा धरावी.

जागल्या एकटा जागतो, कारण गाव झोपलेले असते. गाव जागे असेल तर त्याला एकट्याला किंमत मोजावी लागणार नाही.